ऐकत नाही

परात मी मुद्दाम आपटली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं ‘तबीथाच्या हातून परात पडली’ असंच सांगितलं गेलं. परात पडली नव्हती. दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून मी ती शहाबादी फरशीवर आपटली होती, आणि तीसुद्धा सासऱ्यांच्या शांत वेळेत.

शांत वेळ म्हणजे देवाचं ऐकायची वेळ. सकाळचा चहा झाला की माझे सासरे पुढच्या खोलीत जाऊन दार लावून घेत आणि शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घेऊन वेताच्या खुर्चीत बसत. दयानंद आल्हाट हे त्यांचं नाव. मिशनच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे चर्चच्या मंडळीत गुरुजी आणि घरात अण्णा. ते बसले की घरात नळ सोडायचा नाही, भांडं घासायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. कुकर तर लावायचाच नाही, कारण कुकरला शिस्त लावणं तेवढं त्यांना जमलेलं नव्हतं.

दार उघडून बाहेर आले की अण्णा म्हणत, “मला शब्द मिळाला.” मग तो शब्द सगळ्या घराला लागू. फ्रिज घ्यायचा नाही, हा शब्द. मागच्या दाराला हिरवा रंग, हाही शब्द. माझ्या नवऱ्यानं, सुमंतनं, नगरची चांगली नोकरी सोडून गावातल्या शाळेत चिकटावं, हाही शब्दच. प्रभूला आल्हाटांच्या दारांच्या रंगात एवढा रस असेल, हे मला माहेरी कुणी सांगितलं नव्हतं. माझी आई भाकरी थापता थापता प्रार्थना करायची. मध्येच थांबून म्हणायची, “तबे, त्या कुसुमकडे डोकावून ये गं, कालपासून तिचा चेहरा बरा दिसत नाही.” ती त्याला शब्द वगैरे म्हणत नसे.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा घरात माणसं मोजकी होती. अण्णा, आम्ही दोघं, माझी थोरली जाऊ रूथ आणि तिची मुलगी सलोमी. जावेला मी अक्का म्हणायची. तिचे यजमान फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारे. त्यामुळे अक्का सासऱ्यांच्या जिवावर घरात राहिल्यासारखी राहायची. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी पदर सावरून उभी राहणारी बाई. मला तिचा राग यायचा, आणि राग आल्याचं वाईटही वाटायचं.

आणि सलोमी. पहिलीत बसायच्या वयाची पोर. मी यायच्या काही महिने आधी तिला मोठा ताप येऊन गेला होता, मेंदूवर गेलेला. पोरगी वाचली, हीच मोठी गोष्ट. पण तापातून उठली ती बिघडूनच, असं घरात सगळे म्हणायचे. आजारपणात लाड झाले, आता ऐकत नाही. दहा हाका मारा, ढिम्म हलणार नाही. खाऊ दाखवा, लगेच हजर. “हवं तेव्हा बरं ऐकू येतं हिला,” अण्णा म्हणायचे. “पालथ्या घड्यावर पाणी.”

बोलायची तर एकदम किंचाळल्यासारखी. सकाळच्या त्या सुनसान घरात तिचा आवाज फुटला की अण्णांचं दार उघडायचं आणि हातात लाकडी पट्टी असायची. मी येऊन महिना दोन महिने झाले तोवर सलोमी बोलायचीच बंद झाली होती. “शिस्त लागतेय हळूहळू,” अण्णा म्हणाले. मला ती पोर आवडायची. मीही त्या घरात तोंड दाबून जगत होते, म्हणून असेल.

मग एका गुरुवारी सकाळी अण्णा बाहेर आले आणि म्हणाले, “मला शब्द मिळाला. सलोमीला बोर्डिंगात ठेवायचं.”

मिशनचं बोर्डिंग चांगलं पाच तासांच्या अंतरावर. अक्का पोहे वाढत होती. ते तिनं तसेच ताटलीत टाकले आणि टाकतच राहिली.

“एवढीशी आहे ती,” मी म्हणाले.

“शिस्तीला वय नसतं.”

“अक्काला विचारलं का?”

“प्रभूला विचारलं,” अण्णा म्हणाले. “सोमवारी निघायचं. सुमंत, माळ्यावरची ट्रंक काढ.”

सुमंतनं ट्रंक काढली. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो ट्रंकेवरची धूळ बघत होता. माझ्या नवऱ्याच्या तोंडून बापासमोर कधी ब्र निघाला नाही. माझ्यासमोर मात्र बरंच काही निघायचं.

शुक्रवारी सकाळी अण्णांचं दार लागलेलं होतं. सलोमी झोपेतून उठून मधल्या खोलीत आली आणि डोळे चोळत ओरडली, “आई, भूक लागली.” बऱ्याच दिवसांनी ती बोलली होती. भूक फार लागली असेल. दार उघडलं. अण्णांनी तिचा हात धरला, पंजा उलटा केला आणि पट्टी मारली. मग दुसऱ्या हातावर. पोर रडली नाही. रडायचा आवाज होतो, हे तिला कळलेलं होतं. ती मागच्या ओट्यावर जाऊन बसली आणि चिंचोके मांडायला लागली. अण्णांनी दार पुन्हा लावून घेतलं. देवाचं ऐकायचं राहिलं होतं ना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐकायचंय तर ऐका, म्हटलं. मांडणीवरची मोठी पितळी परात उचलली, मागच्या दारात गेले आणि घातली फरशीवर.

असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नसेल. जांभळीवरचे कावळे उडाले, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, न्हाणीत अक्काच्या हातातला तांब्या सुटला. शेजारच्या बाईनं कुंपणापलीकडून “काय झालं हो?” म्हणून विचारलं. अण्णा पट्टी घेऊनच बाहेर आले. सुमंत तोंडाला साबण लागलेला तसाच धावत आला.

आणि सलोमी माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्याकडे पाठ करून बसलेली होती. तिनं एक चिंचोका उचलला, दुसऱ्याच्या शेजारी ठेवला आणि ओळ सरळ आहे का ते वाकून पाहिलं.

मी परात उचलली आणि पुन्हा आपटली. तिच्या पाठीमागेच.

तिनं तिसरा चिंचोका ठेवला.

अक्का न्हाणीच्या दारात उभी होती, ओल्या हातांनी. तिनं आधी परातीकडे पाहिलं, मग पोरीच्या पाठीकडे.  भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

“वेड लागलंय का तुला?” अण्णा मला म्हणाले.

“अण्णा, हिला ऐकू येत नाही.”

“सोंग आहे ते. परवा जेवायला बोलावलं तेव्हा बरं आलं ऐकू?”

“तेव्हा तुम्ही तिच्या समोर होता. तुमचं तोंड हलताना दिसलं तिला.”

“मला शिकवतेस? आयुष्यभर मुलंच हाकली मी.”

“हाकलीच असतील,” मी म्हणाले. “एकदा फक्त तिच्या मागे उभं राहून हाक मारा. एवढंच करा.”

अण्णा दोन पावलं पुढे आले. मला वाटलं, मारतात हाक. पण ते थांबले. “प्रभूनं एकदा सांगितलं, त्याची परीक्षा पाहायची नसते,” ते म्हणाले. “तुझं समाधान होत नसेल तर उद्या सकाळी पुन्हा बसेन त्याच्यापुढे. तो सांगेल तसं करू.”

“प्रभूला कशाला त्रास देता? पोर इथं बसलीय. तिला विचारा.”

“सुमंत, बायकोला आवर,” अण्णा म्हणाले आणि आत गेले.

सुमंतनं मला आवरायचा प्रयत्न केला, तोंडावरचा साबण न धुता. “तुला कळत कसं नाही, तबीथा? या घरात अण्णांचं ऐकावं लागतं.”

“तुमच्या घरात ऐकतात सगळेच,” मी म्हणाले. “ऐकू कुणालाच येत नाही.”

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, त्यालाही वाटल्याचं दिसलं नाही.

शनिवारी सकाळी दार उघडलं. आम्ही सगळे मधल्या खोलीत उभे होतो, निकाल ऐकायला उभे राहतात तसे. अण्णा म्हणाले, “शब्द बदललेला नाही.” एवढंच बोलून ते चर्चच्या पंचांकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी उपासनेत सलोमीसाठी प्रार्थना ठेवायची होती.

दुपारी मी आणि अक्का मागे धुणं धूत होतो. धोपटणं हातात तसंच धरून ती एकाएकी बोलायला लागली.

“वरीस झालं मी हिला धपाटे घालतेय गं. ऐकत न्हाई म्हनून. शेजारणीला सांगितलं, ऐकत न्हाई. हिच्या बापाला सांगितलं, ऐकत न्हाई. रोज म्या माझ्या तोंडानं म्हनतेय, पोरगी ऐकत न्हाई, पोरगी ऐकत न्हाई. आन् मलाच कसं न्हाई कळलं मी काय म्हनतेय ते?”

मला तिला काहीतरी मायेचं बोलायचं होतं. पण माझा स्वभाव. मी म्हणाले, “आता कळलंय ना? मग सोमवारी तिला गाडीत बसवणार का?”

“मी कोन बसवनार, न बसवनार? अण्णांना शब्द मिळालाय.”

“तुला मिळाला का? तू बसलीस कधी देवापुढं?”

 खरंच ती कधी बसली नव्हती. अण्णा देवाचं ऐकत तेव्हा ती मागच्या दारी, आवाज न करता, त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवत असायची. तिनं धोपटणं खाली ठेवलं, हात पुसले आणि न्हाणीत शिरून कडी लावली. कडी असलेली बायकांची जागा घरात तेवढीच होती. बादली पालथी घालून तिच्यावर ती बसली असणार. मी सगळं धुणं पिळून वाळत घातलं तरी ती बाहेर आली नाही. सलोमी येऊन न्हाणीच्या दाराशी उभी राहिली, तर तिला मी माझ्याजवळ घेतलं.

बाहेर आली तेव्हा अक्काचे डोळे सुजलेले होते. मी टोचून विचारलं, “काय म्हणाला प्रभू?”

“काय न्हाई म्हनाला,” अक्का म्हणाली. “हिचाच आवाज आला डोक्यात. तापाच्या आधीचा. चर्चमधी गायची ना, सगळ्या पोरांत वरचढ, तो.” मग तिनं सलोमीच्या केसांतून हात फिरवला. “लई दिवसांनी ऐकला.”



रविवारी आम्ही चर्चला गेलो. आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे, आणि लहान मुलं सगळ्यात पुढे सतरंजीवर, मंडळीकडे पाठ करून. सलोमी मुलांत बसली होती, दोन वेण्यांना निळ्या रिबिनी. सूचना झाल्या, आणि पाळकसाहेब म्हणाले, “आल्हाट गुरुजी साक्ष देतील.”

अण्णा शास्त्र घेऊन पुढे गेले. मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. बोलायला ते फार चांगले होते, हे मला कबूल करायला हवं. रोज सकाळी देवासाठी वेळ काढणं किती गरजेचं आहे, हे त्यांनी सांगितलं. माणूस धावपळीत असतो, स्वतःच्याच आवाजात असतो, म्हणून देवाचा मंद आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, असं म्हणाले. सगळं खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग येत होता. मग म्हणाले, “माझ्या नातीबद्दल प्रभूनं मला स्पष्ट शब्द दिला. घरात थोडा विरोध झाला. मी पुन्हा त्याच्यापुढे बसलो. शब्द तोच राहिला.” ‘विरोध’ म्हणताना त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं आणि बऱ्याच माना माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली नाही.

माझ्या शेजारून अक्का उठली.

मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये, बाहेर जायचं असेल. पण ती होती तिथंच उभी राहिली. आणि जिनं त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता, तिनं शेतातून हाक मारावी तशी हाक मारली.

“सलोमे.”

सगळी मंडळी वळली. सतरंजीवरची सगळी मुलं वळली, झाडून सगळी. फक्त निळ्या रिबिनींचं एक डोकं वळलं नाही.

“ए सलोमे.”

शेजारचा पोरगा तिला ढोसायला लागला. “नको रे, तिला हात नको लावू,” अक्का म्हणाली. मग अण्णांकडे बघून म्हणाली, “अण्णा, आता तुमी मारा हाक. समोरून नको. हितं मागं या आन् मारा.”

“रूथ, खाली बस,” अण्णा म्हणाले.

“न्हाई बसनार.”

पाळकसाहेब काहीतरी बोलायला उठले आणि पुन्हा बसले. ते नवीन होते, तरुण होते. गुरुजींनी त्यांच्या पगारापासून प्रवचनापर्यंत सगळ्यात नाक खुपसलेलं होतं, त्यामुळे त्यांना मध्ये पडायची घाई नसावी.

अण्णांना नाही म्हणता आलं असतं. परीक्षा पाहायची नसते, हे तिथंही म्हणता आलं असतं. पण सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं, आणि ते नुकतेच ऐकण्यावर बोलून थांबले होते. ते मधल्या वाटेनं मुलांच्या मागे आले. ताठ उभे राहिले.

“सलोमी,” ते म्हणाले.

ती फ्रॉकची किनार बोटाला गुंडाळत होती.

“सलोमी.” आता मोठ्यानं.

ती किनार सोडवत होती.

मग त्यांनी शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला. त्या आवाजाला घाबरून मोठी झालेली माणसं तिथं बसली होती. ती अजूनही दचकली. “सलोमी!”

काही नाही. तिनं किनार पुन्हा गुंडाळायला घेतली.

अण्णा आमच्याकडे वळले, कपाळावर ती ओळखीची आठी चढली आणि सवयीनं, वर्षभराच्या सवयीनं, त्यांच्या तोंडून निघालं, “बघा, ऐकत ना—”

तिथंच थांबले. उरलेलं अक्षर काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. ते तोंड तसंच अर्धवट उघडं होतं. मी बाकाच्या वाटेकडच्या टोकाला, त्यांच्या अगदी जवळ होते, म्हणून पाहिलं. घरात सगळ्यात जास्त वेळा ते वाक्य त्यांनीच म्हटलेलं होतं. आज पहिल्यांदा त्यांनी ते ऐकलं.

“मी तिला मारलं,” ते म्हणाले. कुणाला, ते समजलं नाही. देवाला असेल. अक्काला असेल. “परवासुद्धा मारलं.”

कुणीतरी म्हणेल, मला त्यांची दया आली असेल. आली नाही. मी येऊ दिली नाही. अण्णा पुढे पुष्कळ वर्षं जगले, मी त्यांना वेळेवर जेवायला वाढलं, दुखण्यात त्यांचं सगळं केलं, पण त्या पट्टीबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. सलोमीनं केलं. तिची गोष्ट वेगळी, ती त्यांची नात. सोमवारची गाडी अक्कानं पकडली खरी, पण ती बोर्डिंगची नव्हती, पुण्याच्या कानाच्या डॉक्टरची होती. बरोबर अण्णा गेले. कुणी जा म्हटलं नव्हतं, आणि कुठला शब्द मिळाल्याचंही ते बोलले नाहीत.

पण ते सोमवारचं झालं. रविवारचं थोडं राहिलंय.

चर्चमध्ये शेवटी पाळकसाहेबांनी घाईघाईनं एक गीत जाहीर केलं, मुलांचं, सगळ्यांना पाठ असलेलं. पेटी वाजली. मंडळी उभी राहिली, मुलं उभी राहिली. बाकीची उभी राहिली म्हणून सलोमीही उभी राहिली. अक्का बाकांमधून वाट काढत पुढे गेली आणि तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. मीही मागोमाग गेले.

सलोमी गात होती. म्हणजे तिचे ओठ हलत होते. बाकीच्या मुलांच्या तोंडाकडे बघून, बरोबर, शब्दाला शब्द. आवाज मात्र नव्हता. तिनं तो आत कुठंतरी दाबून धरलेला होता, घरात धरायची तसा. अण्णाही आता समोरून येऊन उभे राहिले होते आणि त्यांनाही ते दिसलं.

अक्कानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि हळू, एकेक अक्षर दाखवत म्हणाली, “मोठ्यानं म्हन, माझे बाय. मोठ्यानं.”

सलोमीनं आईकडे पाहिलं. मग अण्णांकडे. तोंडाकडे नाही, त्यांच्या हातांकडे.

अण्णांनी हातातलं शास्त्र बाकावर ठेवलं आणि दोन्ही पंजे उघडे करून तिला दाखवले.

तेव्हा ती गायली. बेसूर, भसाडं, पेटीच्या पुष्कळ पुढे. आणि मंडळी हळूहळू गप्प होत गेली, ती एकटी गात राहीपर्यंत.